चर्चच्या फरशीवरचा नकाशा

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या इतिहास मंडळाने 'आपल्या तालुक्याचा वारसा' या नावाचे प्रदर्शन भरवायचे ठरवले. नोटीस मीच लिहिली. विद्यार्थ्यांनी घरातल्या जुन्या वस्तू आणाव्यात, उदाहरणार्थ तलवारी, नाणी, मोडी कागद, तांब्यापितळेची भांडी, वंशावळी. दुसऱ्या दिवशी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, आमच्याकडं जुनं काहीच नाही. पावसाळ्यात घरात पाणी शिरतं, तवा हाताला लागंल ते घिऊन पळायचं. कागद कुठनं ऱ्हातील?"

तिला मी काय उत्तर दिले ते आता आठवत नाही. मात्र नोटीस पुन्हा वाचली आणि शरम वाटली. मॅट्रिकचा उंबरा ओलांडणारा आमच्या घरातला मी पहिला माणूस. माझ्या आज्याची या जगातली लेखी खूण म्हणजे सावकाराच्या वहीतला एक अंगठा, आणि ती वहीही सावकाराच्याच माडीवर. असे असून मी नोटीस लिहिली ती गढीवरच्या कारभाऱ्याने लिहावी तशी. प्रदर्शन झाले. अकरा तलवारी आल्या. भिंतीवर तालुक्याचा मोठा नकाशा लावला होता. त्यात गढी होती, देवळे होती, पेठ होती. महारवाडा, मांगवाडा कुठेही नव्हता. पाहुण्यांनी प्रदर्शनाची तोंड भरून स्तुती केली.

ज्यांची घरेच टिकू दिली नाहीत त्यांनी प्रदर्शनात मांडायचे काय? या प्रश्नाचा पिच्छा पुरवताना मला दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊन शहरातल्या एका चर्चचा इतिहास वाचायला मिळाला. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा आपण अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी नाते सांगितले, आणि ते योग्यच होते. दक्षिण आफ्रिकेचे नाव आपल्या सभांतून घेतले गेले. पण तिथल्या शोषितांनी आपला इतिहास कसा जपला, त्याचे शस्त्र कसे केले, याचा तपशील आपल्या कार्यकर्त्यांपर्यंत फारसा आला नाही. म्हणून तो येथे मांडतो.

१

केप टाऊनची वसाहत डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये वसवली आणि ती उभी राहिली गुलामांच्या श्रमावर. मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशियाची बेटे येथून माणसे आणली गेली. आपल्या बंगालच्या, मलबारच्या आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावरूनही आणली गेली. ब्रिटिश अमलात १८३४ मध्ये गुलामगिरी रद्द झाली, परंतु 'उमेदवारी'च्या नावाखाली त्यांना आणखी चार वर्षे जुन्याच मालकांकडे राबावे लागले. १८३८ मध्ये खरी सुटका झाली. सुटलेली माणसे शहराच्या पूर्वेच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर, भाड्याच्या खोल्यांतून राहू लागली. १८६७ मध्ये नगरपालिकेने या भागाला शहराचा सहावा विभाग ठरवले, आणि 'डिस्ट्रिक्ट सिक्स' हा आकडाच त्या वस्तीचे नाव झाला.

गोदीतले हमाल, शिंपी, गवंडी, धोबिणी, मासे विकणारे, पूर्व युरोपातून आलेले गरीब ज्यू, आफ्रिकन मजूर, गुलामांच्या वंशातले मुसलमान, असे सगळे तिथे दाटीवाटीने राहत. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमानही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केप टाऊनला पोटासाठी गेले. हॅनोव्हर स्ट्रीट हा वस्तीचा मुख्य रस्ता. त्यावर दुकाने, मासळीबाजार, सिनेमागृहे. घरे गळकी होती, मालक भाडे घेत आणि दुरुस्ती करीत नसत. दारिद्र्य होते, गुंडांच्या टोळ्या होत्या. वस्तीने लेखकही दिले. अॅलेक्स ला गुमा इथलाच. 'अ वॉक इन द नाइट' (१९६२) या त्याच्या कादंबरिकेत ही वस्ती रात्रीच्या अंधारासकट आली आहे. रिचर्ड राइव्हने १९८६ मध्ये 'बकिंगहॅम पॅलेस, डिस्ट्रिक्ट सिक्स' लिहिली तेव्हा वस्ती जमीनदोस्त झालेली होती.

१९५० साल आपण विसरू शकत नाही. त्या वर्षीच्या २६ जानेवारीला बाबासाहेबांनी घडवलेले संविधान या देशात अमलात आले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने दोन कायदे केले. एकाने प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद केली. दुसऱ्याने, म्हणजे ग्रुप एरियाज कायद्याने, कोणत्या वंशाच्या माणसाने कुठे राहायचे ते ठरवले. कोणी कुठे राहायचे हे आपल्या गावात ठरवायला सरकारी कायदा लागला नव्हता, रूढीच पुरेशी होती. वेस आपल्याला नवी नाही. तिथे वेस राजपत्रात छापून आली एवढाच फरक.

११ फेब्रुवारी १९६६ रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स हा गोऱ्यांचा विभाग म्हणून जाहीर झाला. सरकारने कारणे दिली ती आपल्याही कानाला ओळखीची आहेत: झोपडपट्टी आहे, घाण आहे, गुन्हेगारी आहे, सुधारणा करायची आहे. पुढची दीडएक दशके बुलडोझर चालत राहिले. साठ हजारांहून अधिक माणसे उचलून शहराबाहेरच्या वाळूच्या मैदानावर, केप फ्लॅट्सवर, नेऊन टाकली. शेजारी शेजारी राहिले नाहीत. कामाला जायचे तर बसचे भाडे पगार खाऊ लागले. १९७० मध्ये विभागाचे नावही बदलून 'झोनेब्लूम' केले, कारण माणसे हलवली तरी नाव उरले तर आठवण उरते हे राज्यकर्त्यांना कळत होते. घरे पाडली, मशिदी आणि चर्चे तेवढी उभी ठेवली. मोकळ्या माळावर अधूनमधून उभी राहिलेली ही प्रार्थनास्थळे हीच तिथे माणसे राहत होती याची साक्ष उरली.

२

यांपैकी बुइटेनकांट स्ट्रीटवरचे मेथडिस्ट मिशनचे चर्च १८८३ पासूनचे. वर्णाने विभागलेल्या त्या शहरात ते काळ्यासावळ्या कष्टकऱ्यांचे चर्च होते. वस्ती उठली तसे उपासक पांगले. काही जण रविवारी लांबून बसने येत राहिले. १९७१ मध्ये चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर एक पाटी बसवण्यात आली. या रस्त्याने जाणाऱ्याने, कातडीच्या रंगामुळे घराबाहेर काढलेल्या हजारो माणसांची शरमेने आठवण ठेवावी, अशा आशयाची. समोर कॅलेडन स्क्वेअरचे पोलीस ठाणे. ज्या राजवटीने घरे पाडली तिच्या पोलिसांच्या डोळ्यांसमोर हा शब्द भिंतीवर कोरून ठेवला गेला. त्या चर्चचा हा पहिला प्रदर्शनपट असे मला म्हणावेसे वाटते. पुढे ऐंशीच्या दशकात हीच इमारत निदर्शकांची, पोलिसांच्या मारातून निसटलेल्या पोरांची आसऱ्याची जागा झाली.

इथे थोडे थांबले पाहिजे. धर्मसंस्थेविषयी आपल्या मनात संशय आहे आणि तो अनुभवातून आलेला आहे. देवळाने आपल्याला दार बंद ठेवले. चर्चने दार उघडले, पण आतही जात पुरती गेली नाही. तरीही १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने आपल्या जातीच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध छापला तो मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदया'नेच, हेही इतिहासाला नाकारता येत नाही. छप्पर देणे ही एक गोष्ट आहे आणि छपराखालचा आवाज आपल्या ताब्यात ठेवणे ही वेगळी गोष्ट. बुइटेनकांट स्ट्रीटच्या चर्चने छप्पर दिले. काय बोलायचे ते उठवलेल्या माणसांनी ठरवले. त्यांच्यात ख्रिस्ती होते तसे मुसलमान होते, धर्म न मानणारे डावे कार्यकर्तेही होते.

रिकाम्या केलेल्या जमिनीवर बांधायला बरेच जण धजावेनात. उठवलेल्यांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या चळवळीने त्या जमिनीला एक नैतिक बट्टा लावून ठेवला होता. एका मोठ्या तेल कंपनीने तिथे पुनर्विकासाची योजना पुढे केली तेव्हा 'हँड्स ऑफ डिस्ट्रिक्ट सिक्स', म्हणजे या जमिनीला हात लावू नका, अशी मोहीम उभी राहिली. १९८८ मध्ये या मोहिमेच्या परिषदेत संग्रहालयाचा विचार पुढे आला आणि १९८९ मध्ये त्यासाठी संस्था स्थापन झाली. संस्थेजवळ इमारत नव्हती, पैसा नव्हता, दाखवायला 'वस्तू' नव्हत्या. माझ्या विद्यार्थिनीचेच वाक्य: आमच्याकडं जुनं काहीच नाही.

३

१९९२ मध्ये या चर्चमध्ये वस्तीच्या फोटोंचे छोटे प्रदर्शन भरले. लोक आले. फोटोंवर बोट ठेवून हा कोण, ती कोण, हे सांगत उभे राहिले. फोटो कमी आणि सांगणारे जास्त, असे झाले. आयोजकांनी धडा घेतला तो इथे. १० डिसेंबर १९९४ रोजी, पहिल्या लोकशाही निवडणुकीच्या वर्षी, रस्त्यांवरचे प्रदर्शन त्याच चर्चमध्ये उघडले. काही आठवड्यांपुरते ठरवलेले ते प्रदर्शन लोकांनी बंद होऊ दिले नाही. तेच डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम.

त्यात होते काय? तीन गोष्टी सांगतो.

पहिली, रस्त्यांच्या पाट्या. पाडकामावरच्या एका मुकादमाने सत्तरहून अधिक पाट्या राडारोड्यात न टाकता वर्षानुवर्षे स्वतःजवळ ठेवल्या होत्या. तो पाडणाऱ्यांचा माणूस. मनधरणी केल्यावर त्याने त्या दिल्या. आता त्या छतापासून शिडीसारख्या टांगल्या आहेत. रस्ते नाहीत, नावे आहेत.

दुसरी, फरशीवरचा नकाशा. चर्चच्या मधल्या मोकळ्या जागेत, जिथे उपासकांची बाकडी असायची, तिथे वस्तीचा भला मोठा नकाशा रंगवून पसरला. वर पारदर्शक आवरण. जुन्या रहिवाशांना सांगितले, तुमचे घर कुठे होते ते शोधा आणि नाव लिहा. म्हाताऱ्या बायका गुडघ्यावर बसून आपली गल्ली शोधू लागल्या. कोणी घर लिहिले, कोणी दुकान, कोणी शाळा, कोणी बस थांबा. नगरपालिकेच्या नकाशात फक्त भूखंड होते. या नकाशात माणसे आली.

तिसरी, मांजरपाटाचे लांबच लांब कापड. येणाऱ्याने त्यावर नाव, एखादी ओळ लिहायची. नंतर ती अक्षरे सुईदोऱ्याने भरली जात. कापड संपले की पुढे जोडायचे. शाई पुसते, टाका सहजासहजी निघत नाही.

या तिन्ही गोष्टींना किंमत म्हणून काही नाही. बाजारात मांडल्या तर कोणी दमडी देणार नाही. आपल्या संग्रहालयांत पाहणारा काचेबाहेर आणि इतिहास काचेआड असतो. पाहणाऱ्याने हात मागे बांधून चालायचे आणि जेत्यांच्या तलवारींकडे बघत राहायचे. या चर्चमध्ये माणसे इतिहास पाहायला आली आणि लिहून गेली. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी रिकामी जागा मांडली आणि हाती पेन दिला. ही त्यांची सगळ्यात मोठी सूझ.

नूर इब्राहिम हे तिथले जुने रहिवासी, पुढे त्याच संग्रहालयात लोकांना माहिती सांगू लागले. त्यांनी सांगितलेली हकीगत अशी. वस्ती उठली तेव्हा त्यांनी पाळलेली कबुतरे नव्या घरी नेली, काही महिने कोंडून ठेवली. एके दिवशी सोडली, तर संध्याकाळी एकही परतले नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ते पाडलेल्या घराकडे वळले. कबुतरे तिथे, घर नसलेल्या जागेवर, बसलेली होती.

४

आठवणींचा उमाळा येऊन काम भागले असते तर मी हा लेख लिहिला नसता. १९९४ मध्ये तिथे जमिनी परत करण्याचा कायदा झाला. १९१३ नंतर वंशभेदाच्या कायद्यांनी ज्यांची जमीन हिरावली त्यांना दावा करता येऊ लागला. मालकांबरोबर भाडेकरूंनाही. डिस्ट्रिक्ट सिक्समधली बहुतेक माणसे भाडेकरूच होती, त्यामुळे ही तरतूद फार मोलाची. दाव्यांची मुदत १९९८ च्या अखेरपर्यंत होती. १९९७ मध्ये जमीन दावे न्यायालयाची बैठक याच चर्चच्या इमारतीत, याच नकाशाच्या साक्षीने भरली. फरशीवर लिहिलेले नाव हा कायद्याच्या दृष्टीने पुरावा नव्हे, हे खरे. पण ज्या समाजाने आपापली घरे एकमेकांदेखत नकाशावर मांडली, तो न्यायालयापुढे एकटादुकटा अर्जदार म्हणून गेला नाही, वस्ती म्हणून गेला. ११ फेब्रुवारी २००४ रोजी, वस्ती उठवण्याच्या घोषणेला बरोबर ३८ वर्षे झाली त्या दिवशी, ऐंशी ओलांडलेल्या दोन वृद्धांच्या हाती नेल्सन मंडेलांनी नव्या घरांच्या चाव्या दिल्या.

पुढचेही सांगितले पाहिजे, नाहीतर ही परीकथा होईल. घरे बांधण्याचे काम रखडत गेले. अनेक दावेदार चावी हाती येण्याआधीच वारले. २०१९ मध्ये या दिरंगाईबद्दल न्यायालयाला संबंधित मंत्र्यांना धारेवर धरावे लागले. आपले सरकार आल्यावरही आपली माणसे ताटकळत राहतात, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको. त्याच वर्षी विभागाला 'डिस्ट्रिक्ट सिक्स' हे नाव अधिकृतपणे परत मिळाले. नाव परत देणे स्वस्त पडते.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. सगळे गुण्यागोविंदाने नांदत होतो, असे प्रत्येक उठवलेली वस्ती नंतर म्हणते. पण १९०१ मध्ये प्लेगचे निमित्त करून याच डिस्ट्रिक्ट सिक्समधल्या आफ्रिकन माणसांना शहराबाहेर हाकलले होते, आणि मागे राहिलेल्यांनी वस्ती सोडली नव्हती. १९६६ च्या आठवणीत १९०१ बुडून जात होते. नोम्वुयो न्गेलवाने या आफ्रिकन स्त्रीने १९९८ मध्ये डिस्ट्रिक्ट सिक्सला निरोप देणारे आपले पुस्तक लिहिले आणि या 'आपण'मध्ये आम्हीही होतो हे बजावले. संग्रहालयाने २००० साली नव्याने मांडणी केली तेव्हा तिच्या कुटुंबाची एक खोली उभी करण्यात आली. एकाच खोलीत स्वयंपाक, झोपणे, अभ्यास, पाहुणे. ज्याने ती पाहिली त्याला 'ते जुने छान दिवस' असे सहज म्हणता येणार नाही. शोषितांच्या नकाशातही कोणी कोपऱ्यात राहते. त्या कोपऱ्यासाठी पुन्हा भांडावे लागते.

५

आता आपल्याकडे वळतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याचा आजा शाळेत गेला नाही, ज्याच्या नावावर गुंठा नाही, त्याने तो आणायचा कुठून? त्याच तारखेच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीला धर्माची अट घातली. १९५६ मध्ये शीख दलितांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला; ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेर आहेत. एका भावाकडे दाखला, दुसऱ्याकडे नाही, आणि दोघांचा आजा एकाच वेशीबाहेर राबलेला. म्हणजे कोण कुठे राहत होता, हा प्रश्न आपल्याकडे आठवणीचा कमी आणि भाकरीचा जास्त आहे.

एवढे वाचून झाल्यावर गप्प बसणे शक्य नव्हते. आमची जुनी वस्ती नदीकाठी होती. पुरानंतर ती उठवून माळावर बसवली. या उन्हाळ्यात आम्ही काही जणांनी वीस हात मांजरपाट आणले, त्यावर नदी, वेस आणि चावडी एवढेच कोळशाने काढले आणि एका रविवारी विहारात अंथरले. त्या विद्यार्थिनीने दारोदार जाऊन म्हातारी माणसे गोळा केली. तासाभरात भांडणे सुरू झाली. "हिर पिंपळाच्या खाली न्हवती गं, अल्याड व्हती." "तुझं घर आमच्या मागं, तू पुढं कशी लिवतीस?" लिहिता न येणाऱ्यांच्या जागी नातवंडे लिहीत होती. ज्या आजीला तिच्या घरात 'काही आठवत नाही तिला' म्हणून बाजूला बसवतात, तिने ओळीने चौदा घरे सांगितली. कोणाच्या दारात शेवगा होता तेही सांगितले. दिवस कलला तेव्हा कापडाचा एक अंग भरला होता.

दुसरा अंग, ओढ्यापलीकडचा मांगवाड्याचा, कोरा राहिला. तिथून कोणी आले नाही. मी चौकशी केली तेव्हा एक म्हातारबाबा सरळ बोलले, "तुमच्या विहारात तुमचा कार्यक्रम. आमाला कोन इचारलं व्हतं?" खरे होते. निरोप धाडला होता, विचारले नव्हते. केप टाऊनचे १९०१ साल मी पुस्तकात वाचले आणि आपल्या गल्लीत स्वतःच्या हाताने केले.

आमच्या गावात एक जुने चर्च आहे. पत्र्याचे, लहानसे. त्याच्या उपासकांत महारवाड्यातलीही घरे आहेत आणि मांगवाड्यातलीही. त्या एका छपराखाली आम्ही यजमान नाही आणि तेही पाहुणे नाहीत. मी पाळकसाहेबांना भेटलो, कापड उलगडून दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिले, आपल्या आजोबांचे घर शोधले. ते कोऱ्या बाजूला निघाले. मग म्हणाले, "सोमवारी घ्या. बाकडी तेवढी नंतर जागेवर लावून द्या."

या वेळी नोटीस मी लिहिणार नाही. ओढ्यापलीकडे आधी विचारायला जायचे आहे.